सुट्या भागाची किंमत वाचताना

शिकारी रायफलींचा इतिहास लिहिताना आपण रायफलीची किंमत टिपून ठेवतो. तुम्ही एकदा तिच्या सुट्या भागांची किंमत बघा. मलाही हे जरा उशिराच सुचलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफली कॅनडात स्वस्तात विकल्या गेल्या. शिकारीला घेऊन फिरायला त्या जड, म्हणून लोकांनी नळीभोवतीचं लाकूड कापून टाकलं. कापलेलं लाकूड कोण जपणार? आज तेच मूळ लाकूड शोधायला जा, महाग पडतं.

बोल्ट-हेडची गोष्ट त्याहून बोलकी. ‘नंबर ४’ रायफलीचा हा छोटासा भाग ० ते ३ अशा मापांत यायचा. झीज वाढली की वरच्या मापाचा बसवायचा. म्हणजे रायफल जितकी म्हातारी, तितका ३ नंबर हवा, आणि दुर्मीळ नेमका तोच! बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीचा काढून लावावा, तर ती ‘नंबर १’ घराण्यातली. तिचा इथे बसत नाही.

कॅनडाच्या रेंजर्सनी १९४७पासून वापरलेली हीच रायफल गेल्या दशकात बदलली. ती चालत नव्हती असं नाही. सुटे भागच मिळेनासे झाले होते.