मैदानात कोण कुठे बसतं? प्रेक्षक, जागा आणि गर्दीचा इतिहास

(मुरुम येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, मुरुममध्ये येऊन हा माणूस फुटबॉलच्या स्टेडियमवर काय बोलणार? आपल्या धाराशिव जिल्ह्याचं नाव आहे ते खो-खोमध्ये. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली सारिका काळे आपल्याच जिल्ह्यातली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. कबड्डी आहे, कुस्ती आहे. फुटबॉल त्या मानानं कमी. पण आज मला खेळाडूंविषयी फारसं बोलायचंच नाही. मैदानाच्या कडेला जो बसतो, किंवा ज्याला बसायला जागा मिळत नाही, त्याच्याविषयी बोलायचं आहे. तो प्रेक्षक मुरुममध्येही आहे.

तसा फुटबॉल आपल्याला अगदी परका नाही. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या सिटी पोलिस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतानं १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे देशातला त्या काळचा सगळ्यात दबदब्याचा संघ आपल्या तेव्हाच्या राजधानीचा होता.

आता मुद्द्यावर येतो. मैदानात गोंधळ झाला, चेंगराचेंगरी झाली, की दुसऱ्या दिवशी एकच वाक्य ऐकू येतं, 'पब्लिकच बेशिस्त.' माझं म्हणणं असं आहे की हे वाक्य बोलण्याआधी एक प्रश्न विचारावा. त्या पब्लिकला कुणी, कुठे आणि कसं बसवलं होतं? गेल्या शंभर वर्षांतल्या घटना पाहिल्या तर उत्तराचा मोठा भाग तिथेच सापडतो.

सुरुवात आपल्या ओळखीच्या जागेपासून करू. जत्रेतला कुस्तीचा फड डोळ्यासमोर आणा. मधे माती, भोवती गोल. पुढचे लोक मांडी घालून बसलेले, मागचे उकिडवे, त्यामागे उभे, आणि सगळ्यात मागे कुणी ट्रॉलीवर, कुणी झाडावर. तिकीट नाही, नंबर नाही. तरी प्रत्येकाला दिसतं, कारण पुढच्यानं बसायचं हा नियम सगळ्यांना माहीत असतो. पुढचा एक जण उभा राहिला की मागून ओरडा होतो, 'ए, खाली बस!' ही सुद्धा एक आसनव्यवस्थाच आहे. ती चालते, कारण लोक एकमेकांना ओळखतात आणि बाहेर पडायला चारी बाजू मोकळ्या असतात. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हाच फड राजर्षी शाहू महाराजांनी दगडात बांधला. १९०२ साली ते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं वर्तुळाकार प्रेक्षागृह पाहिलं आणि त्यावरून त्यांना कल्पना सुचली असं सांगतात. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मधे हौदा आणि भोवती उतरत येणारी बैठक. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या माणसाला मल्लाची पकड दिसावी, असा विचार त्यामागे होता. लांबून चालत आलेल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांची काळजी बांधकामातच घेतलेली आहे.

पण आपल्याकडे सगळीकडे असा विचार झाला नाही. तिकीट आलं आणि तिकिटाबरोबर दर्जा आला. कलकत्त्याचं उदाहरण घ्या. २९ जुलै १९११, आयएफए शील्डची अंतिम लढत. अनवाणी खेळणाऱ्या मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवलं. मैदानावर माणसांचा समुद्र. त्यातल्या बहुतेकांना चेंडू दिसतही नव्हता. मग पतंग उडवून स्कोअर कळवला गेला असं सांगतात. सांगायचं काय, तर आपल्याकडच्या फुटबॉल प्रेक्षकाचा इतिहास 'दिसत नाही' इथूनच सुरू होतो.

मुंबईत तर जागेवरून थेट भांडणंच झाली, तीही खेळ चालवणाऱ्यांची. १९३७ साली ब्रेबॉर्न स्टेडियम तयार झालं. तिथे धर्मवार संघांची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा व्हायची होती. प्रत्येक जिमखान्याच्या सभासदांना किती जागा, यावरून वाद पेटला आणि त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. पुढे सत्तरच्या दशकात तेच. मुंबई क्रिकेट असोसिएशनला ब्रेबॉर्नवर जास्त जागा हव्या होत्या, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया देईना. बॅरिस्टर शेषराव वानखेडे असोसिएशनचे अध्यक्ष होते. त्यांनी जवळच दुसरं स्टेडियम उभं केलं. आज आपण ज्याला वानखेडे म्हणतो, ते खुर्च्यांच्या भांडणातून जन्मलेलं आहे. गंमत बघा, साहेब लोक जागेवरून भांडले की त्याला 'वाद' म्हणतात आणि चार आण्यांचा प्रेक्षक भांडला की 'दंगा'.

त्याच वानखेडेवर जानेवारी १९७५ मध्ये पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडनं द्विशतक केलं. एक चाहता त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारलं. ते पाहून स्टँड खवळला, मोडतोड झाली आणि खेळ थांबला. लॉइड पाहुण्या संघाचा. म्हणजे आपल्या संघाची बाजू घेऊन कुणी भडकलं नव्हतं. एका माणसाला मारताना हजारोंनी पाहिलं, त्यातून ते घडलं.

आता त्या घटनेकडे येतो जी भारतीय फुटबॉल विसरू शकत नाही. १६ ऑगस्ट १९८०, ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. ज्यांचे चाहते पिढ्यानपिढ्या एकमेकांशी वाद घालत आलेत, ते त्या दिवशी एकाच स्टँडमध्ये एकत्र बसलेले. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, पंचानं दोघांनाही बाहेर काढलं. ती ठिणगी वर गॅलरीत पोचली. मारामारी, दगडफेक, मग पायऱ्यांवरून पळापळ. १६ जण गेले. सामना बघायला घरातून निघालेली माणसं. बंगालमध्ये आजही १६ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या आठवणीत पाळतात. त्या दिवशी चाहते चुकले का? काही चुकले, नक्कीच. पण तिकिटं कोणत्या स्टँडची कुणाला द्यायची, मधे मोकळी जागा ठेवायची की नाही, हे ठरवणारे चाहते नव्हते.

इथून जरा इंग्लंडकडे वळू, कारण या प्रश्नाचा जास्तीत जास्त बारकाईनं तपास तिथे झाला. चार वर्षांतल्या तीन घटना सांगतो. मे १९८५, ब्रॅडफर्ड. लाकडी स्टँड, खाली वर्षानुवर्षांचा कचरा, त्याला आग लागली. मागची दारं कुलूपबंद. ५६ माणसं मेली. पण पुढे मैदानाच्या बाजूला जाळी नव्हती, म्हणून शेकडो लोक मैदानात उतरून वाचले. त्याच महिन्यात ब्रुसेल्सचं हेझेल स्टेडियम, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. 'तटस्थ' प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या भागाची तिकिटं प्रत्यक्षात इटालियन चाहत्यांकडे गेली. शेजारी लिव्हरपूलचे चाहते, आणि मधे नुसती तकलादू तारेची जाळी. लिव्हरपूलवाले चालून गेले, पलीकडचे भिंतीशी दाबले गेले, भिंत कोसळली. ३९ मृत्यू.

तिसरी घटना १५ एप्रिल १९८९ ची, शेफिल्डचं हिल्सबरो मैदान. बाहेर दाराशी रेटारेटी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं फाटक उघडलं. लोक समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या कप्प्यांत गेले. ते आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळवायला कुणी नव्हतं. पुढे उंच लोखंडी जाळी. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. एकूण ९७ जीव गेले. पोलिसांनी सांगितलं, चाहत्यांनीच फाटक तोडलं, दारू प्यायले होते. घरच्यांनी ते मान्य केलं नाही. सत्तावीस वर्षं लढले. २०१६ साली ज्युरीनं निकाल दिला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि त्यात चाहत्यांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं एखाद्या आईनं ऐकायचं की तुमचा मुलगा दारुडा होता म्हणून मेला. विचार करा.

ब्रॅडफर्डला जाळी नव्हती म्हणून लोक वाचले, हिल्सबरोला होती म्हणून मेले. मगाशी फडाच्या चार मोकळ्या बाजू लक्षात ठेवा म्हणालो, ते यासाठी.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला. जाळ्या गेल्या, वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची सक्तीची झाली. सुरक्षितता वाढली, यात शंका नाही. पण तिकिटं महागली आणि उभं राहून गाणारा, ढोल बडवणारा कामगार चाहता हळूहळू बाहेर पडला. तिथपासून चाहत्यांमध्ये वाद सुरू आहे, बसावं की उभं राहावं? एक बाजू म्हणते, खुर्ची म्हणजे शिस्त, लहान मुलांना आणता येतं. दुसरी म्हणते, नव्वद मिनिटं खुर्चीत बसायचं तर घरी टीव्ही काय वाईट? आणि खुर्च्या दिल्या तरी आम्ही उभेच राहतो, मग गुडघ्याएवढ्या खुर्चीवरून पुढे पडण्याचा धोका उलट जास्त. जर्मनीनं उभं राहायची जागा ठेवली. डॉर्टमुंडच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक उभे असतात. शेवटी २०२२ मध्ये इंग्लंडनंही प्रत्येक रांगेपुढे कठडा लावून उभं राहायला परवानगी दिली. म्हणजे तीस वर्षांनी उत्तर मिळालं ते असं, की बसा किंवा उभे राहा, पण माणसं मोजून सोडा, आधाराला कठडा द्या आणि वाट मोकळी ठेवा.

आता परत महाराष्ट्रात, कोल्हापुरात. तिथला फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. संघ पेठेचा, त्यामुळे चाहताही पेठेचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात तेव्हा तिथे जे चैतन्य असतं ते मुंबईच्या महागड्या सामन्यातही मिळत नाही. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच पोरगा, २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण याच पायऱ्यांवरून बाटल्या आणि दगडही आले आहेत, हाणामाऱ्या रस्त्यापर्यंत गेल्या आहेत, सामने थांबले आहेत. मग तिथेही तोच वाद. कुणी म्हणतं, दोन्ही पेठांना वेगळं बसवा, दारंही वेगळी ठेवा. कुणी म्हणतं, अहो, आपण काय परदेशी आहोत? शेजारी शेजारी राहतो, एकत्र बसायला काय झालं?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. वेगळं बसवलं तर ईडनसारखा प्रसंग टळतो. पण नुसतं वेगळं बसवून भागत नाही. हेझेलमध्येही वेगळंच बसवलं होतं, कागदावर. मला वाटतं, मोठ्या सामन्याला वेगळं बसवावं, मधे खरोखर रिकामी जागा ठेवावी, आणि दोन्ही तालमींची वडीलधारी माणसं आपापल्या पोरांत बसवावीत. पेठेतला मुलगा पोलिसाला घाबरणार नाही, पण समोर वस्ताद बसला असेल तर दगड उचलताना दहा वेळा विचार करेल. ही ताकद युरोपच्या क्लबांकडे नाही, आपल्याकडे आहे.

शेवटी आपल्यापुरतं. ४ जून २०२५ ला बंगळुरूत, स्टेडियमच्या बाहेर, विजयाच्या जल्लोषात ११ जण चेंगरून गेले. बहुतेक तरुण. त्याही वेळी 'लोकच वेड्यासारखे आले' असं ऐकू आलं. लोक येणारच. आनंदाला माणूस जातोच. आपल्या जत्रेत कुस्त्या होतील, कबड्डीचे सामने दिव्यांच्या उजेडात होतील, मांडव पडेल, बांबूची गॅलरी बांधली जाईल. त्या वेळी संयोजकांनी तीन गोष्टी बघाव्यात. गॅलरीवर किती माणसं चढणार ते आधी ठरवलं आहे का. बाहेर पडायच्या वाटेत मोटारसायकली किंवा पाहुण्यांचे सोफे लावलेत का. आणि आयाबायांना व पोरांना बसायला अशी जागा आहे का, जिथून त्यांना खेळ दिसेल आणि गरज पडली तर पहिलं बाहेरही पडता येईल. पुढारी पहिल्या रांगेत बसोत, हरकत नाही. फक्त त्यांच्या सोफ्यानं मागच्या पोराची वाट अडवू नये.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे, 'प्रेक्षकांनी काहीच करायचं नाही का?' करायचं आहे. समोरचा पडला तर मागे रेटा थांबवायला ओरडायचं, लहान मूल खांद्यावर घ्यायचं, आणि मैदानात शिरल्यावर आपलं आसन शोधण्याआधी दार कुठे आहे ते बघून ठेवायचं. आणि हो, पुढे बसलेल्यानं खालीच बसायचं. फडाचा तो जुना नियम अजून लागू आहे.