'क्षत्रप' म्हणजे मालक नव्हे!

निवडणूक आली की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास दिसतो: क्षत्रप. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि आमदारकी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात ठेवणाऱ्या पुढाऱ्याला 'जिल्ह्याचा क्षत्रप' म्हणतात, तेही कौतुकाने! हा शब्द आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. निदान नाशिककरांनी तरी विचारायला हवे, कारण तो आपल्या त्रिरश्मी लेण्यांत दगडावर कोरलेला आहे.

शब्द मूळचा इराणी. त्याचा अर्थ राज्याचे रक्षण करणारा. इ.स.पू. ५२० च्या सुमारास सम्राट दारियसने कोरविलेल्या बेहिस्तूनच्या लेखात तो प्रांताच्या अधिकाऱ्यासाठी येतो. ग्रीकांनी त्याचा 'सत्रप' केला. संस्कृत 'क्षत्र' आणि हा शब्द एकाच मुळातले, म्हणून तो आपल्याला देशी वाटतो. पण क्षत्रप जन्माने ठरत नव्हता. तो सम्राटाने नेमलेला आणि सम्राटाला जबाबदार असलेला नोकर होता.

शकांबरोबर हा शब्द इकडे आला आणि नोकराचा धनी झाला. त्रिरश्मीच्या दहाव्या लेण्यातल्या लेखांत क्षहरात घराण्यातल्या नहपानाला क्षत्रपही म्हटले आहे आणि राजाही. पुढे उज्जैनच्या शक घराण्यात तर राज्य करणारा महाक्षत्रप आणि गादीचा वारस क्षत्रप, अशी वहिवाटच पडली. हुद्दा वारसाहक्काचा झाला. आजच्या घराणेशाहीचा हा जुना नमुना.

तरीही त्याच लेण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च करायचा. हे दान निगमसभेत जाहीर करून नोंदविले गेले, असे लेखच सांगतो. क्षत्रपाच्या जावयालाही चार लोकांसमोर नोंद करावी लागली! आजचे किती 'क्षत्रप' आपल्या संस्थांचा हिशेब असा गावासमोर मांडतात?

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. चांदी तीच, नाणे तेच, मालक बदलला!

सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाची स्तुती आहे: त्याने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबविला. हा लेख भिक्षुसंघाला दिलेल्या लेण्यात आहे, हे विशेष. घराणे गेले, वर्णाची चौकट मात्र अभिमानाने शाबूत ठेवली. म्हणून बांधवांनो, एका क्षत्रपाला पाडून दुसऱ्याला डोक्यावर घेणे म्हणजे परिवर्तन नव्हे. तो फक्त जुन्या नाण्यावर नवा छाप.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती हा अधःपतनाचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. 'क्षत्रप' हा कौतुकाचा शब्द त्याच भक्तीचा आहे. आणि वापरायचाच असेल, तर मूळ अर्थाने वापरा. क्षत्रप म्हणजे नेमलेला, जबाब देणारा माणूस. संविधानाने तो नेमण्याचा अधिकार सम्राटाकडे नाही, तुमच्या-माझ्या एका मताकडे दिला आहे. तेव्हा पुढच्या वेळी दारात आलेल्या 'क्षत्रपाला' हार घालण्याआधी हिशेब मागा.

जय भीम!