कोडं, कट आणि कायदा

अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्जवर गोल्फचा संघ निवडायचा म्हणजे ५०,००० च्या आभासी बजेटात सहा खेळाडू बसवायचे. नामवंत मंडळी सुट्टीवर असलेल्या आठवड्यात पंचाईत होते. एक-दोन महाग नावं, बाकी सगळे उन्नीस-बीस. दोन दिवसांनंतरच्या 'कट'ला अर्धेअधिक गळतात; आपला गडी एका फटक्याने हुकला की पुढच्या दोन फेऱ्यांचे गुणच नाहीत. मग ही निवड कौशल्याची की नशिबाची?

हे भांडण आपल्याकडे शब्दकोड्यांवरून होऊन गेलंय. आर. एम. डी. चमारबागवाला यांची बक्षिसांची कोडी बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार'मधून मुंबई राज्यात यायची. सरकारने १९५२ मध्ये कायदा दुरुस्त करून त्यांवरही परवाना नि कर लावला. ९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा जुगारच. एका सूचनेला दोन शब्द सारखेच बसतात, आयोजकांनी कोणता धरलाय ते कळणार कसं? (बीडचं लिंबागणेश तेव्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते.)

त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालाने मात्र भरपूर कौशल्याच्या स्पर्धा जुगारातून वगळल्या. त्याच वाटेने १९६७ मध्ये रमी सुटली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ड्रीम११. न्यायालयं खेळाचा साचा तपासतात, त्या आठवड्याला कोण उतरलंय ते नाही. माझ्या मते दुबळ्या स्पर्धेतला सहावा, स्वस्तातला गोल्फपटू निवडणं त्या दोन शब्दांतून एक निवडण्यासारखंच आहे.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने हा वादच बाजूला सारला: ऑनलाइन खेळात पैसे लावले की बंदी, मग कौशल्य असो वा नशीब. आता लिंबागणेशातल्या मोबाइललाही तोच नियम.