व्यूहात्मक व्यवसाय एकक

मोठ्या कंपनीतील असा विभाग, ज्याची बाजारपेठ, स्पर्धक आणि नफा-तोट्याची जबाबदारी स्वतंत्र असते. कायद्याने तो वेगळी कंपनी असेलच असे नाही. कोणत्या एककाला किती भांडवल द्यायचे हे मुख्यालय ठरवते. ते घेऊन स्पर्धेला तोंड कसे द्यायचे, हे एककप्रमुख पाहतो.

ही रचना रूढ केली ती अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने. १९६० च्या दशकात या कंपनीची विक्री वाढत होती, नफा मात्र त्या मानाने वाढत नव्हता. प्रमुख फ्रेड बोर्च यांनी मॅकिन्झी या सल्लागार संस्थेची मदत घेतली आणि १९७० च्या सुमारास चाळीसहून अधिक एकके आखली गेली. स्वयंपाकघरातील उपकरणे तोवर तीन वेगवेगळ्या विभागांकडे होती. गिऱ्हाईक एकच, म्हणून नियोजनापुरती ती एका एककात आली. बाजाराचे आकर्षण आणि एककाची ताकद मोजणारा नऊ घरांचा तक्ताही याच काळातला. कोणता धंदा वाढवायचा आणि कोणता काढून टाकायचा, याचा कौल त्यावरून घेत.

भारतात महिंद्रा समूहाने १९९४ मध्ये सहा एककांत फेररचना केली. वाहने आणि शेतीची यंत्रे त्यात वेगळी झाली.

पद्धतीचा खरा कस सामायिक गोष्टींत लागतो. मुख्यालयाचा खर्च कोणाच्या खाती घालायचा, यावरून एककांत हमखास खटके उडतात. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० मध्ये याहून गंभीर दोष दाखवला : एककप्रमुख हुशार माणसे आपल्याकडेच अडवून ठेवतात आणि साऱ्या कंपनीचे मूळ कौशल्य जोपासायला कोणीच उरत नाही.