फोमने आवाज अडत नाही

उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून घराचा पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढे खोदायचेच आहे तर खाली खोलीही होऊ द्या, या हिशेबाने तिथल्या घरांना तळघर मिळाले. न्यू जर्सीकडच्या मराठी घरांतही पाहुण्यांपासून तालमींपर्यंत सगळ्याला बेसमेंटच कामी येते. घरात कोणी गाणारे-वाजवणारे असले की तिथेच रेकॉर्डिंग स्टुडिओ करण्याचा बेत निघतो, आणि त्यासोबत एक सल्ला ठरलेला असतो: खोली जमिनीखाली आहे, म्हणजे अर्धे काम झालेच, भिंतींना फोम चिकटवा, उरलेलेही होईल. या सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग पूर्ण चुकीचा आहे आणि पहिला अपुरा.

या समजाला अनुभवाचा आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. रिकाम्या काँक्रीटच्या खोलीत टाळी वाजवली तर ती खणखणत राहते. फोम लावल्यावर जागच्या जागी विझते. कान खोटे सांगत नाहीत. पण ते सांगतात खोलीच्या आतले. हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनने १८९५ पासून हाच प्रश्न हाताळला. फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात शब्द एकमेकांत मिसळून जात, म्हणून जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्या कमी-जास्त करत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते त्याने मोजले. त्यातून निघालेल्या सूत्रात खोलीचे घनफळ आहे आणि शोषण आहे; भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला त्यात जागाच नाही. फोम शोषतो तो त्याच्या छिद्रांतून हवा खेळते म्हणून. जिथून हवा जाते तिथून ध्वनीही जातो.

बाहेर जाणारा आवाज अडवायला वजन लागते. एकेरी भिंतीचे वजन दुप्पट केले, तर सिद्धान्ताप्रमाणे सुमारे ६ डेसिबलचा फायदा होतो. फोमला वजन असे नसतेच. याहून मोठा फायदा हवा असेल, तर एकमेकींना न टेकणाऱ्या दोन जड भिंती आणि मधे हवेची पोकळी, हाच मार्ग.

जमिनीखाली असण्याचा लाभ खरा आहे, पण तो मातीला लागून असलेल्या भिंतींपुरता. तळघराची दुबळी बाजू म्हणजे छत. लाकडी तुळया, त्यांवर पातळ तक्तपोशी, आणि त्यावर घरातल्या माणसांची पावले. शिवाय घर तापवणाऱ्या फर्नेसपासून निघालेले पत्र्याचे डक्ट घराच्या खोल्याखोल्यांत आवाज पोहोचवतात. दाराखालची फटही किरकोळ समजू नये. सुमारे दोन मीटर उंच दाराखाली एक सेंटिमीटर फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्काच भरते. तरी दार कितीही जड असो, एकंदर अडथळा २३ डेसिबलच्या आसपास थांबतो. म्हणून पैसा आधी जावा तो छताला स्प्रिंगच्या क्लिपांवर तोललेल्या जिप्सम बोर्डाच्या दुहेरी थराकडे, दाराच्या रबरी पट्ट्यांकडे आणि आतून अस्तर दिलेल्या वळणदार हवामार्गाकडे.

बरे, शेजाऱ्याला विसरू. निदान ध्वनिमुद्रण तरी फोममुळे चांगले होते का? काळी एक पट्टीतल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची कंपने सेकंदाला सुमारे ६९. त्या लहरीची लांबी पाच मीटर. पाच सेंटिमीटरचा फोम तिच्या वाटेतही येत नाही. सात फूट उंचीच्या खोलीत छत आणि जमीन यांच्यामध्ये ८१ हर्ट्झच्या आसपास अनुनाद उठतो, म्हणजे त्या भागातले खालचे स्वर फुगतात. फोम वरचे स्वर खातो आणि खालची घुम तशीच ठेवतो. मग गळ्याची चमक जाते, डग्गा मात्र कोंदट गडगडतो. अशा खोलीला हवेत कोपऱ्याकोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर, आणि काही भिंती मुद्दाम उघड्या.

साध्या तळघरातही उत्तम गाणी होतात, हे सांगायला इथे ‘बिग पिंक’ या घराचा दाखला हमखास पुढे येतो. १९६७ मध्ये अमेरिकन गायक बॉब डिलन आणि पुढे ‘द बँड’ म्हणून ओळखले गेलेले वादक यांनी वेस्ट सॉगर्टीजमधल्या त्या घराच्या साध्या तळघरात गाणी ध्वनिमुद्रित केली. ती १९७५ साली ‘द बेसमेंट टेप्स’ म्हणून आली. पण ते घर एकांतात होते. आवाज अडवण्याचे काम अंतराने केले. आणि ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा १९६८ चा अल्बम घराचे नाव मिरवत असला तरी ध्वनिमुद्रित झाला न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक स्टुडिओंमध्ये. त्या वादकांची थोरवी हा त्यांच्या भिंतींचा पुरावा नव्हे.

फोमबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याचे कारण ध्वनिशास्त्रापलीकडचे आहे. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट वॉरविक इथे ‘द स्टेशन’ नाइटक्लबच्या रंगमंचावर आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि १०० माणसे गेली. तो फोम लावला होता शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारींमुळे. घरच्या तळघरात आतषबाजी नसते. पण गरम होणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात, एक्स्टेंशन बोर्डांची गर्दी असते, शेजारी फर्नेस असते, आणि बाहेर पडायला बहुधा एकच जिना. आवाज कोंडण्याच्या नादात पुष्कळजण तळघराची एकमेव खिडकीही बुजवून टाकतात. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या संहितेत तळघरातून आणीबाणीत निसटण्याची वाट मागितलेली आहे. ती खिडकी बुजवायची नाही: आतल्या बाजूने जाड काचेची दुसरी चौकट बसवायची, दोन्ही काचांत हातभर अंतर ठेवायचे, आणि दोन्ही चौकटी आतून हाताने, किल्लीशिवाय उघडतात हे बांधणाऱ्याकडून उघडून दाखवून घ्यायचे.