हेपरिनजन्य बिंबाणुन्यूनता

रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन बिंबाणू, म्हणजेच प्लेटलेट, घटण्याचा विकार. बिंबाणू घटले की रक्तस्राव व्हावा अशी अपेक्षा असते; येथे मात्र गुठळ्या होतात. डायलिसिस, हृदयशस्त्रक्रिया आणि मोठ्या अस्थिशस्त्रक्रियांत हेपरिन वापरतात. ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढले जाते.

औषधाचा लहान रेणू एकटा प्रतिकारसंस्थेला सहसा चेतवत नाही. शरीरातील प्रथिनाशी जोडला गेला की तो परका ठरतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेले पेनिसिलिनही क्वचित असेच तांबड्या पेशींना चिकटून त्यांच्यावर प्रतिपिंडे ओढवून घेते. हेपरिनची तऱ्हा याहून गुंतागुंतीची आहे. बिंबाणूंतून सुटणारे ‘प्लेटलेट फॅक्टर ४’ हे धनभारित प्रथिन आणि ऋणभारित हेपरिन एकत्र येतात, प्रथिनाचे रूप पालटते व त्या पालटलेल्या रूपाविरुद्ध आयजीजी प्रतिपिंडे तयार होतात. हे संयुग प्रतिपिंडासह बिंबाणूंवरील ग्राहींना भिडले की बिंबाणू चेतून तेच प्रथिन आणखी सोडतात आणि गुठळ्यांचे चक्र सुरू होते. प्रतिपिंडे आढळली तरी अनेकांना विकार होत नाही.

२०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीनंतर, हेपरिन न घेताही, याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे होऊन गुठळ्या झाल्याची अत्यंत विरळ उदाहरणे युरोपात नोंदली गेली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने हीच लस कोव्हिशील्ड नावाने बनवली होती.

हेपरिन सुरू केल्यापासून साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी बिंबाणू निम्म्याने किंवा अधिक घटतात. तोवर रुग्ण अनेकदा घरी गेलेला असतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटले की आधी डेंग्यूच आठवतो. म्हणून नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या कामगाराचा पाय सुजला, दम लागला आणि प्लेटलेटही उतरले, तर आधी हेपरिनची चौकशी व्हायला हवी. रक्तस्राव नसताना प्लेटलेटची पिशवी चढवणे या विकारात टाळतात.

संशय बळावताच सर्व प्रकारचे हेपरिन थांबवतात. सलाइनची नळी धुण्यापुरतेही देत नाहीत. त्याऐवजी अर्गाट्रोबान किंवा फोंडापॅरिनक्स देतात. बिंबाणू पूर्ववत होईपर्यंत वॉर्फरिन सुरू करत नाहीत. हा विकार झालेल्या रुग्णाने डिस्चार्ज कार्डावर त्याची ठळक नोंद करून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक दवाखान्यात ते कार्ड दाखवावे.