कासरा कोणाच्या हातात?

गावगाड्याच्या इतिहासात महार आणि जनावर यांचे नाते मेलेल्या जनावरापासून सुरू होते. जिवंत बैल पाटलाचा, कुणब्याचा. मेला की महाराचा. तो ओढून नेणे हे गावकीचे काम, आणि मांस-कातडे हा त्या कामाचा ‘हक्क’. असल्या गोष्टीला हक्क म्हणण्याइतकी आपली भाषा उदार आहे! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितले, १९२८ साली मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, हे आपण जाणतो. मेलेल्या ढोरांबद्दल आपल्या लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते लिहायलाच हवे होते. मला बोलायचे आहे ते जिवंत जनावराविषयी.

माझा बाप सालदार होता. आखाजीला साल ठरायचे: काही ज्वारी, काही रोकड, आणि आधीच घेतलेली उचल. उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच खळ्यात. बाप रात्री खळ्यातच झोपे. अंधारात घुंगरू वाजले की बैलाला तहान लागली आहे की गोमाशी चावते आहे, हे तो पडल्यापडल्या सांगे. माझे बालपण तिथेच गेले. शेण काढायचे, गव्हाण झाडायची, ढेप भिजवायची, बैलाच्या कानामागच्या गोचिडी वेचायच्या. कपाशीत कोळपणी सुरू झाली की बैलांच्या तोंडाला मुसकी बांधायची. जुवाने खांदा सुजला तर मालकाच्या आधी बापाला कळे. बैलांना नावे होती, ती बापाने ठेवलेली. बापाला मात्र मालकाच्या घरात नाव नव्हते. ‘आपला गडी’ एवढेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. हळद-तूप मालकाच्या घरचे, हात बापाचे. दुसऱ्या दिवशी बैल नदीवर धुणे, शिंगे रंगवणे, झूल चढवणे, सगळे बापच करी. वेशीपर्यंत कासराही त्याच्याच हातात. तिथे मालकाचा पोरगा पुढे होई आणि कासरा घेई. बाप मागे सरे. बैल अडत. मग बाप मागून हाळी देई आणि ते चालू लागत.

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर कळले की हे प्रकरण आमच्या खळ्यापुरते नव्हते. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते कोर्टाच्या कामासाठी, आणि खटला होता पोळ्याच्या वादाचा. त्यांच्या त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर लोक जमतात. भाषणे होतात, गाणी होतात. पण खटला पोळ्याचा होता यावर फारसे कोणी थांबत नाही. सण बैलाचा, पण वेशीतून कोण कोणाच्या आधी जाणार, हा मान माणसांचा. बैल नटवणाऱ्याला तो मान नसतो.

दुसरी हकीकत चाळीसगावची. १९०६ पर्यंत जळगाव आणि धुळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता. माणसांची वागणूक तर पुढेही एकच राहिली. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात फिरत होते. २३ ऑक्टोबर १९२९ ला चाळीसगाव स्टेशनवरून त्यांना महारवाड्यात न्यायचे होते. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. महारवाड्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडाला आदळले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टरपेक्षा टांगेवाला स्वतःला उच्च समजतो, हा अर्थ स्वतः बाबासाहेबांनीच पुढे या हकीकतीतून काढला आहे.

मला त्या लगाम धरणाऱ्याबद्दलही विचारावेसे वाटते. ज्या जमातीचे आयुष्य ढोरांमध्ये गेले, तिच्यात त्या दिवशी टांगा हाकणारा एकही माणूस हाताशी का नसावा? कारण टांगा हाकणे हा धंदा होता, त्यातून रोज पैसा येई. आमच्या वाट्याला जनावराची सेवा आली, जनावरावरची कमाई आली नाही. शेण आमचे, दूध त्यांचे. त्या माणसाने आपल्या लोकांची लाज राखायला लगाम धरला. त्याला अडाणी म्हणून मोकळे होणारे मी ऐकले आहेत. मला ते पटत नाही.

१९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, त्यात खानदेश होता. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी. आमच्या वाड्यात पुढे दोन घरांना पडीकाचे तुकडे मिळाले. सातबारावर नाव आले, पण जोडी नव्हती. बैल मागायला मालकाकडेच जावे लागे, आणि मालक जोडी देई ती स्वतःची पेरणी आटोपल्यावर. तोवर त्या तुकड्यातला वाफसा गेलेला असे.